तोंडी आदेश

सरकारी नोकरीत मी एक गोष्ट पक्की शिकलो. तोंडी आदेश पाळायचा नसतो. साहेब टेबलाशी येऊन म्हणाले, "जरा ती फाईल पुढं सरकवा हो," की आपण उठून उभं राहायचं, "हो साहेब" म्हणायचं आणि साहेब वळले की पुन्हा बसायचं. फाईल जागची हलता कामा नये. उद्या चौकशी लागली तर "कुणाच्या सांगण्यावरून?" असा प्रश्न येतो आणि नेमकी त्याच दिवशी साहेबांची स्मरणशक्ती रजेवर असते. म्हणून "लेखी द्या". या दोन शब्दांच्या जोरावर मी लिपिकाचा कक्ष अधिकारी झालो. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ बंद होतं. ते चालू असल्याचं मला तोंडी सांगण्यात आलं होतं.

असा हा इसम सध्या नाशिकच्या राहत्या घरी दीड वर्षाच्या नातवाला तोंडी आदेश पाळायला शिकवतो आहे. त्याला लेखी द्यायची सोय नाही. कागद दिला की तो खातो.

प्रकरण सुरू झालं बूस्टरच्या इंजेक्शनपासून. दीड वर्षाचं झालं की मुलाला तो डोस द्यायचा असतो, म्हणून आम्ही सगळं कुटुंब अबीरला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. मूल एक आणि सोबत माणसं चार, हे आमच्याकडचं किमान मनुष्यबळ. डॉक्टरांनी वजन केलं, उंची घेतली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "हाताने खूण न करता नुसतं तोंडाने सांगितलं तर ऐकतो का? म्हणजे 'बॉल दे' म्हटलं की बॉल देतो का?"

चिरंजीवांनी सूनबाईंकडे पाहिलं, सूनबाईंनी हिच्याकडे, हिने माझ्याकडे.

"आमच्या घरात तशी पद्धत नाही," ही म्हणाली.

डॉक्टर हसले, पण त्यांनी कान तपासलेच. कान ठणठणीत निघाले. ते आम्हाला ठाऊकच होतं. बिस्किटाच्या पुड्याचा कागद दोन खोल्यांपलीकडे वाजला तरी या माणसाची मान वळते. "अबीर, इकडे ये" तेवढं ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, मुलांना बोलता येण्याच्या कितीतरी आधी समजायला लागलेलं असतं. साधारण वर्षाचं मूल 'नाही' म्हटलं की क्षणभर थबकतं. 15 महिन्यांचं मूल हात पुढे करून 'दे' म्हटलं की देतं. 18 महिन्यांच्या आसपास हात न दाखवता नुसत्या शब्दावर एखादं काम करतं. आणि 'खेळणं ठेव आणि दार लाव' अशी दोन कामं एकापाठोपाठ सांगितलेली कळायला अडीच वर्षं लागतात.

सूनबाईंनी घरी येताच हे सगळं कागदावर उतरवून फ्रिजला चिकटवलं. त्यांनी मला असंही सांगितलं की अमेरिकेतल्या रोगनियंत्रण केंद्राने 2022 साली आपली अशी यादी सुधारून घेतली आणि 100 पैकी निदान 75 मुलं त्या वयात जे करतात, तेवढंच तिच्यात ठेवलं. सुधारित परिपत्रक म्हटलं की मी आधी त्यातली पळवाट शोधतो. इथे ती उघडीच होती. आमचा अबीर उरलेल्या 25 मध्ये आहे, असं मी नम्रपणे सुचवून पाहिलं. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, त्याच्याशी नीट बोलून तर बघा आधी."

नीट बोलण्याचे नियम असे होते: मुलाचं नाव घ्यायचं. त्याच्या उंचीला येऊन डोळ्यांत बघायचं. एकच छोटं वाक्य बोलायचं. आणि मग गप्प बसून त्याला वेळ द्यायचा, कारण ऐकलेलं डोक्यात जायला आणि तिथून हातापायांत उतरायला लहान मुलाला आपल्यापेक्षा जास्त सेकंद लागतात.

त्याच्या उंचीला येणं हे लिहायला सोपं आहे. माझे गुडघे आणि जमीन यांचा व्यवहार बऱ्याच वर्षांपूर्वी बंद झालेला. आधी सोफ्याचा हात धरायचा, मग टीपॉयचा, मग "आई गं" म्हणायचं, मग एक गुडघा, मग दुसरा. एवढी कार्यवाही पूर्ण करून मी "अबीर" म्हणेपर्यंत अबीर स्वयंपाकघरात पोचलेला असे. तिथून ओरडा येई, "अहो, याने पिठाच्या डब्यात हात घातलाय!" मी जमिनीवर. उठायची कार्यवाही उलट्या क्रमाने. असं दोनतीनदा झाल्यावर अबीरच्या लक्षात आलं की हे म्हातारे गृहस्थ "आई गं" म्हणाले की आपल्याला घरभर फिरायला बराच मोकळा वेळ मिळतो. सूचना कळायला त्याने सुरुवात केली होती, असं म्हणायला हरकत नाही.

आमची ही बालवाडीची शिक्षिका. तिने आयुष्यभर दुसऱ्यांची मुलं सांभाळली. त्यामुळे घरात बालशिक्षणाचा विषय निघाला की ती ताराबाई मोडकांपासून सुरू करते आणि अनुताई वाघांपाशी थोडा चहा घेऊन पुढे जाते. "1945 साली ताराबाईंनी बोर्डीला बालवाडी काढली," ती म्हणाली, "गरिबांची मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. मूल येत नाही म्हणून ओरडत बसायचं नसतं. आपण जायचं."

त्या वेळी मूल डायनिंग टेबलाखाली होतं. मी गेलो. तिथे मांडी घालून, मान वाकडी करून, "अबीर, चमचा दे" एवढंच म्हणालो आणि गप्प बसलो. अबीरने चमच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. डोक्यात काहीतरी सरकत असल्याचं मला स्पष्ट दिसलं. फाईल टेबलावर आली होती, सहीच तेवढी बाकी होती. इतक्यात वरून हिचा आवाज आला, "दे रे बाळा, दे ना, आजोबांना देतो ना माझा राजा, शहाणा आहे की नाही, नाही देत? मग काऊला देऊ या का, काऊ नेईल हं, बघ काऊ आला!"

अबीर चमचा टाकून काऊ बघायला गॅलरीत गेला.

"तू गप्प का बसत नाहीस?" मी टेबलाखालून विचारलं.

"मी काय बोलले?"

मराठी घरात पाच सेकंद शांत बसणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. बालवाडीत खोलीभर पोरं हिच्या एका टाळीवर ओळीत बसायची, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण स्वतःच्या नातवापुढे प्रत्येक आजी वाक्याला शेपूट लावते आणि शेपटाला घुंगरू. शेवटी पोराच्या हाती मूळ सूचना लागतच नाही. चिरंजीवांची तऱ्हा वेगळी. ते आयटीत आहेत, त्यामुळे ते सूचना देत नाहीत, चर्चा करतात. "अबीर, आपण आता टॉवेल खाली ठेवू या का? चालेल ना?" यावर अबीर मनापासून "नाई" म्हणतो. प्रश्न विचारला होता, उत्तर मिळालं. सूनबाईंनी त्यांना बजावलं की 'नाही' हे उत्तर चालणार नसेल तर प्रश्नच विचारायचा नाही. "मग विचारायचं काय?" चिरंजीव म्हणाले. "निळा टॉवेल की पिवळा, एवढंच." आता आमच्याकडे पोराचे दोन्ही टॉवेल कायम जमिनीवर असतात.

माझी पुतणी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. तिला मी फोनवर गाऱ्हाणं सांगितलं की 'दे' म्हटलं तर पोरगं भलतंच काहीतरी देतं. 'आजोबांचा चष्मा आण' म्हटलं की निघतं चष्म्याच्याच दिशेने, पण वाटेत चप्पल भेटते आणि चप्पल घेऊन येतं. पुतणीला आनंदच झाला. म्हणाली, "काका, हे तर लुरियाचं!" अलेक्झांडर लुरिया हे रशियातले मोठे मानसशास्त्रज्ञ. त्यांनी अगदी लहान मुलांपुढे जवळ एक खेळणं आणि लांब दुसरं ठेवून लांबचं मागितलं, तर मूल बघतं लांबच्याकडे, हातही तिकडे निघतो आणि मध्ये भेटलेलंच उचलून देतं. दांडीत कड्या घालण्यात रमलेल्या मुलाला 'आता काढ' म्हटलं तर ते आणखी जोरात घालत सुटतं. बोलण्याने हात चालू करता येतो, पण चाललेला हात बोलण्याने थांबवायची सोय त्या वयात अजून बसवलेली नसते.

मला लुरियांबद्दल एकदम आपुलकी वाटली. बदलीची फाईल निघाल्यावर मंत्रालयातून कितीही फोन आले तरी ती थांबत नसे, तेव्हा त्याचं शास्त्रीय कारण आम्हाला ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून घरात 'नको'वर बंदी आली. "पाणी सांडू नको" यातला 'नको' येतो सगळ्यांत शेवटी आणि तोवर पाणी सांडून पोरगं टाळ्या वाजवत असतं. त्याऐवजी काय करायचं तेच सांगायचं: "पेला धर." पण बंदी पाळायची म्हणजे आयत्या वेळी उलटं वाक्य सुचायला हवं. अबीर देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला तोंडात घालत होता, तेव्हा ही "नक..." एवढं बोलून अडकली आणि मग घाईघाईने ओरडली, "देवाला धर! नाही, देवाला ठेव! देवाला, अहो, काय म्हणायचं असतं हो?" मी वाक्य जुळवत होतो. सूनबाईंनी येऊन काहीही न बोलता देव तोंडातून काढला.

या सगळ्यात पाहुणे आले नाहीत तर मराठी घर कसलं! पाहुण्यांपुढे मुलाची तोंडी परीक्षा घेणं हा आपल्याकडचा सक्तीचा विषय आहे. "काकांना नाक दाखव. कान कुठंय? बाप्पाला जय कसा करतात? काऊ कसा करतो?" आदल्या दिवशी हे सगळं करणारं पोर काकांसमोर मख्ख उभं राहतं आणि काका समजूतदारपणे म्हणतात, "असू दे, आमचा रोहन या वयात वाक्यं बोलायचा." मग चहा होतो, पोहे होतात, "टाटा कर, टाटा कर" म्हणून आम्ही चौघंही हात हलवतो, अबीर सोडून. काका जातात, लिफ्ट खाली जाते, दार बंद होतं. मग अबीर बंद दाराकडे बघून पोटभर टाटा करतो. उत्तर बरोबर असतं हो. मुदत टळून गेल्यावर येतं, इतकंच. माझ्या खात्यात अशी उत्तरं ग्राह्य धरली जात.

आणि मग एके सकाळी यश आलं. सूनबाईंनी केळ्याचं साल त्याच्या हातात दिलं, खाली बसल्या, म्हणाल्या, "अबीर, डब्यात टाक." आणि थांबल्या. आम्ही सगळे श्वास रोखून. हिच्या तोंडावर मी पदर धरला होता. अबीर चालत गेला, कचऱ्याच्या डब्यात साल टाकलं आणि वळून आमच्याकडे पाहिलं. पुढच्या क्षणी घरात जो जल्लोष झाला तो भारताने वर्ल्ड कप जिंकल्यावरही झाला नव्हता. टाळ्या, पापे, "शाब्बास"! चिरंजीवांनी व्हिडिओसाठी पुन्हा एकदा टाकायला लावलं. साल संपलं होतं म्हणून रुमाल टाकायला दिला.

इथेच माशी शिंकली. जे केल्याने इतकी माणसं नाचतात ते पुन्हा करावं, हे कुणालाही कळेल. अबीरने तो उपक्रम मनावर घेतला. हिची गजऱ्याची पिन गेली. टीव्हीचा रिमोट गेला, तो वासावरून सापडला. लाइट बिल गेलं, त्याबद्दल मी त्याला मनातून शाबासकी दिली. प्रत्येक वेळी वळून बघायचा आणि टाळ्या कमी पडल्या तर स्वतः वाजवायचा.

त्यातच नोव्हेंबर उजाडला. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. आपण जिवंत आहोत हे दरवर्षी या महिन्यात सिद्ध करावं लागतं. मी पासबुक, आधार कार्ड आणि चष्मा टीपॉयवर काढून ठेवला आणि अंघोळीला गेलो. बाहेर आलो तर टीपॉय स्वच्छ होता. अबीर टाळ्या वाजवत होता. आणि खालून घंटागाडीचं गाणं लांब लांब जात होतं.

"डबा कुणी नेला?"

"हे आत्ता गेले खाली," सूनबाई म्हणाल्या.

मी टॉवेल-बनियनवर जिना उतरलो. चष्मा नसल्याने पहिल्यांदा गॅसच्या टेम्पोच्या मागे पळालो. मग चिरंजीव दिसले, ते कानाला फोन लावून मीटिंगमध्ये होते आणि डबा रिकामा करून परत येत होते. गाडी कोपऱ्यावर थांबलेली. मी धापा टाकत म्हणालो, "थांबा! माझी हयात त्यात आहे!"

गाडीवरच्या मावशींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ओल्यात टाकली का सुक्यात?"

"नातवाने टाकलंय हो."

"मग ओल्यातच असणार," असं म्हणून त्यांनी हातमोजा घातलेला हात आत घातला आणि पहिल्याच फटक्यात पासबुक काढलं. मग आधार. चष्मा भेंडीच्या देठांत मिळाला. तो माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "आजोबा, चष्मा सुक्यात जातो. घरात सांगून ठेवा." मी "हो" म्हणालो. मागे उभे असलेले चिरंजीव फोनमध्ये म्हणाले, "सॉरी, यू वेअर सेइंग?"

बँकेत त्या दिवशी माझ्या भोवतीची रांग अदबीने दोन हात लांब सरकली होती.

संध्याकाळी हिने फ्रिजवरच्या कागदाकडे बोट दाखवून मला विचारलं, "तुमचं वय यात कुठं बसतं?" मी दुर्लक्ष केलं. ती म्हणाली, "मी मंदिरात जाऊन येते. कुकरची तिसरी शिट्टी झाली की गॅस बंद करा आणि दूध फ्रिजमध्ये ठेवा." मी पेपरमागून "हो" म्हणालो. ती परत आली तेव्हा तिसऱ्या शिट्टीचा विषय बराच मागे पडला होता आणि डाळीचा खमंग वास जिन्यापर्यंत आला होता. दूध मांजराच्या अखत्यारीत गेलं होतं. हिने पेन घेतलं आणि त्या कागदावर 'दोन टप्प्यांची सूचना, अडीच वर्षं' या ओळीपुढे लिहिलं: 'आजोबा – अद्याप नाही.'

शेवटी हिने बालवाडीतली जुनी विद्या काढली. माँटेसरीबाईंचा एक शांततेचा खेळ आहे. मुलं अगदी गुपचूप बसतात आणि बाई लांबून, हलक्या आवाजात, एकेकाचं नाव घेऊन बोलावतात. नाव ऐकू आलेलं मूल आवाज न करता उठून जातं. खरं म्हणजे हा खेळ तीन वर्षांच्या पुढच्या मुलांचा. पण हिने गॅलरीच्या दाराआड उभं राहून कुजबुजत्या आवाजात म्हटलं, "अबीर... ये." आणि दिवसभर आमच्या ओरडण्याला दाद न देणारं ते पोर खेळणं टाकून पळत गेलं. हिच्या मुठीत बेदाणा होता, हे खरं. पण त्याला ते आधी माहीत नव्हतं. कुजबुज म्हणजे काहीतरी भानगड आहे आणि भानगडीत आपण असलंच पाहिजे, हा मनुष्यस्वभाव दीड वर्षात पूर्ण विकसित झालेला असतो. माझ्या ऑफिसात मोठ्याने वाचलेलं परिपत्रक कुणी ऐकत नसे आणि झेरॉक्सपाशी कुणी हळू बोललं की अख्खा मजला गोळा होई.

झालं, घराने कुजबुजायला सुरुवात केली. "अबीर, बूट दे." देतो! "अबीर, बस." बसतो! सवयच लागली. चिरंजीव मीटिंगमध्ये कुजबुजू लागले, तर त्यांच्या वरिष्ठांना वाटलं हे दुसऱ्या कंपनीत मुलाखत देताहेत. दूधवाल्याला हिने कानाशी जाऊन "उद्या अर्धा लिटर जास्त" सांगितलं, तर तो बिचारा आठवडाभर नजर चुकवत होता. वाण्याला फोनवर मी इतक्या हळू यादी सांगितली की त्याने विचारलं, "काका, काकूंना कळू द्यायचं नाही का?"

रविवारी समोरच्या काकू आल्या. दार उघडंच होतं. आत चार माणसं गोल करून बसलेली, मान खाली, एकमेकांच्या कानाशी बोलताहेत. काकूंनी चपला बाहेरच काढल्या, पदर खांद्यावरून घेतला आणि हिच्याजवळ येऊन बसल्या.

"कुणी... गेलं का हो?"

"नाही हो," ही कुजबुजली, "अबीरला ऐकायला शिकवतोय."

काकूंनी पाहिलं, हिने हळूच "अबीर, काकूंना बॉल दे" म्हटलं आणि अबीरने खरोखर काकूंना बॉल दिला. काकू बराच वेळ त्या बॉलकडे बघत राहिल्या. मग दाराकडे एकदा नजर टाकून त्यांनी आवाज आणखी खाली आणला.

"आमच्या ह्यांना लागू पडेल का?"

"वय काय त्यांचं?"

"एकाहत्तर."

हिने जरा विचार केला. "उशीर झालाय," ती म्हणाली, "पण मुठीत बेदाणा ठेवून बघा."